साडभाऊंचा समुद्र, पाणी वगळून

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याचा मनापासून राग करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. आमच्या भागात पाण्याचा राग करायचा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. इथे मार्च उजाडला की माणसं रामराम करायच्या आधी "नळ आले का?" असं विचारतात. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप मुलाच्या शिक्षणाआधी त्याच्या विहिरीची चौकशी करतो. आणि अशा मुलखात हा गृहस्थ चार पाहुण्यांसमोर तांब्याभर पाणी गटागटा पिऊन, मिशा पुसत म्हणणार, "ह्या पान्यानंच सारा घोटाळा केला हो! सारं झाकून टाकलं!" काय झाकलं, असं विचारायची चूक एखादा नवखा करतोच, आणि मग दीड तास त्याची सुटका नसते. झाकलेला असतो समुद्राचा तळ.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मीही साडभाऊच म्हणतो. देऊळगाव राजाच्या बाहेर, जालन्याच्या रस्त्यापासून थोडं आत त्यांचं शेत आणि शेतातच घर. समुद्र तिथून इतका लांब, की एसटीने जायचं तर एक दिवस आणि एक कंबर कामातून जाते. मी डोणगावला वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. त्यावरून "तुमच्याकडं पुस्तकं असतेत, तुमाले समजन" अशी त्यांची माझ्याविषयी एक भलतीच समजूत झाली आहे, आणि तिची फळं मी गेली वीस वर्षं भोगतो आहे.

हे वेड लागलं ते लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, नव्या संसारात एकच गोष्ट मागितली होती: आरशाचं कपाट. साडभाऊ ते आणायला जालन्याला गेले. वाटेत मोटारीचा कसलासा सुटा भाग बघायला भंगाराच्या दुकानात शिरले, तर तिथे कुठल्यातरी बंद पडलेल्या शाळेचं सामान येऊन पडलेलं, आणि त्यात एक भिंतभर नकाशा. समुद्रातलं सगळं पाणी उपसून टाकलं तर खाली काय दिसेल, त्याचा. डोंगर, दऱ्या, पठारं, मैदानं, सगळं कसं उघडंवाघडं. "मले वाटलं, कोनीतरी पृथ्वीच्या आंगावरची चादरच ओढून घेतली," असं ते अजूनही सांगतात आणि सांगताना लाजतात. कपाटाचा विषय तिथेच संपला. नवी नवरी ओट्यावर कपाटाची वाट पाहत बसलेली, आणि हे महाशय खांद्यावर लांबलचक गुंडाळी टाकून रस्त्यावरून चालत आले. "म्या म्हटलं, चटई आनली का काय," ताई सांगतात. "आरसा आनाले गेले, आन् हे घेऊन आले. त्यात तोंड पाह्यचं म्हटलं तं कुठं पाह्यचं?" तो नकाशा बैठकीतल्या मोठ्या भिंतीवर लागला. तिथे आधी ताईंच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. त्यांना दाराच्या मागे सरकावं लागलं.

जेवायला तर ह्या माणसाच्या शेजारी बसूच नये. मी बसलो होतो, तेही माझ्याच लग्नात, मुंडावळ्यांसकट. पंगत बसली, भात आला. साडभाऊंनी तो भात पत्रावळीवर आडवा लांबवला, वाकडीतिकडी रांग केली, आणि रांगेच्या माथ्यावर बोटाने टोकापासून टोकापर्यंत एक खाच पाडली. "हे पाहा, समुद्राच्या मधातली डोंगराची रांग. जलमग्न पर्वतरांग म्हनतेत हिले. आन् माथ्यावर ही खाच. जमिनीच्या पोटातला तप्त रस इथून वर येते, दोन्ही आंगाले पसरते, थंडा होते, आन् नवा तळ तयार होते." तेवढ्यात वाढपी वरणाची बादली घेऊन आला. साडभाऊंनी हात आडवा घातला. "थांब! अजून समुद्र सोडू नको!" वाढपी थांबला. त्याच्या मागे भाजीवाला थांबला, त्याच्या मागे तूपवाला थांबला, आणि मांडवाच्या त्या टोकाकडून माझे नवेकोरे सासरे ओरडले, "अबे, वरन काऊन थांबलं बे?" इकडे साडभाऊंचं शांतपणे चाललेलं. वाटीने दाबून त्यांनी एक मूद पाडली, तिचा माथा तळहाताने सपाट केला. "हा गायोट. पह्यले बेट होता. लाटाईनं डोकं घासून घासून सपाट केलं, मंग बुडाला बिचारा. हं, सोड आता समुद्र. हळू." वरण पडलं, रांग बुडाली, गायोट बुडाला, आणि साडभाऊंच्या तोंडावर असं समाधान पसरलं की पाहत राहावं. माझ्या नव्या बायकोने माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य म्हणजे, "नुसतं हो-हो करा, नाही तं मठ्ठा येईपर्यंत चालन." आमच्या संसाराची सुरुवात अशी झाली.

एकदा आम्ही दोघं बारशाला धामणगाव बढ्याला निघालो होतो. बुलढाण्याहून एसटीने निघालं की गाव संपतं न संपतं तोच राजूर घाट लागतो आणि गाडी गरगरत खाली मोताळ्याच्या सपाटीला उतरते. रोज हजार माणसं हा घाट उतरतात, कुणी डुलक्या काढतं, कुणी केळी खातं. साडभाऊ मात्र पहिल्या वळणावरच उठून उभे राहिले आणि दांडी धरून भरल्या गाडीत ओरडले, "सुटला! भूखंडमंच सुटला! आता खंडान्त उतार!" त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्यांचं काही चुकत नव्हतं. किनाऱ्याला लागून पाण्याखाली गेलेली उथळ जमीन म्हणजे भूखंडमंच, तिची कड संपली की तळ एकदम कलतो तो खंडान्त उतार, आणि उतार संपला की दूरवर सपाट सागरी मैदान. बुलढाण्याचं पठार, राजूर घाट आणि खालचा मोताळा, हा धडा देवाने आपल्यासाठीच मांडून ठेवला आहे अशी त्यांची खात्री आहे. पण गाडीतल्या लोकांना हे शास्त्र कुठून ठाऊक? गाठोडं मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीने शेजारणीचा दंड धरला. "काय सुटलं व माय? बिरेक सुटला काय?" झालं! अर्धी गाडी उभी राहिली. कंडक्टर माणसांतून वाट काढत आला आणि म्हणाला, "काका, बसा खाली. माह्याकडं धामनगावचंच तिकीट हाय, अटलांटिकचं नाही." सगळी गाडी हसली, आणि सगळ्यात मोठ्याने हसले ते साडभाऊ. घाट उतरल्यावर त्यांनी त्या म्हातारीला सगळं नीट समजावून सांगितलं. तिनेही ते गाठोड्यावर हनुवटी टेकून ऐकलं आणि शेवटी खिडकीबाहेर बघत विचारलं, "मंग इथलं पानी कुठं गेलं, बाप्पा?" साडभाऊ म्हणाले, "काढून टाकलं, आजी." म्हातारीने मान हलवली. "तरीच. आमच्याकडं आठ रोजानं येते."

अशा माणसाला एकदा प्रत्यक्ष समुद्र दाखवावा, असं माझ्या पोरांच्या मनात आलं, आणि दोन्ही घरं मिळून आम्ही अलिबागला गेलो. मला वाटलं होतं, ह्यांचा कंठ दाटून येईल. साडभाऊ वाळूत उभे राहिले, डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत समुद्र पाहिला आणि म्हणाले, "झाकन पाह्यलं. आता डब्बा कधी उघडते?" एवढं बोलून समुद्राकडे पाठ करून बसले आणि शेंगदाणे खाऊ लागले. ओहोटी पार उतरल्यावर मात्र त्यांच्यात एकदम हुरूप आला. धोतर खोचलं आणि थेट गुडघाभर पाण्यात. "याले समुद्र नाही म्हनत! हे आपलंच रान हाय, नुसतं बुडालं! खडकपूर्णेच्या धरनात गेलेल्या रानाले लोकं अजून 'आमचा मळा' म्हनतेत का नाही? तसंच हे!" शेजारून चाललेल्या घोडागाडीवाल्याला त्यांनी थांबवलं आणि विचारलं, कडेपर्यंत सोडशील का? तो म्हणाला, कुठल्या कडेपर्यंत? "जिथून उतार सुरू होते तिथपर्यंत." घोडागाडीवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहूनच म्हणाला, "भरती लागेल आता, त्यांना बाहेर घ्या." मी त्यांना बाहेर घेतलं.

बरं, हे वेड नुसतं बोलण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. ते त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. अटलांटिकचा तळ आपली नखं वाढतात साधारण त्याच गतीने रुंद होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून दर रविवारी ओट्यावर नखं कापायला बसले की नखाचा तुकडा उजेडात धरून बघतात. एकदा माझ्या धाकट्या पोरीच्या तळहातावर त्यांनी तो अलगद ठेवला आणि म्हणाले, "हे घे बाई. मागच्या रविवारपासून आतापर्यंत अटलांटिक एवढा वाढला." पोरीने तो भक्तिभावाने मुठीत धरला. आतून ताई कडाडल्या, "आधी थे बाहेर फेका म्हनते ना!" अटलांटिक उकिरड्यावर गेला.

मग आलं शेततळं, आणि इथून गोष्ट जरा गंभीर होते. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं घेतात. हिरव्या जाळीचं मोठं घर, आत काकडीचे वेल, आणि रोज सकाळी एकेका मादी फुलाला नर फुलाचा पराग हाताने लावायचा. ह्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. फूल चुकलं की फळ गेलं, फळ गेलं की बी गेलं. साडभाऊंच्या घरचा हा सगळा प्लॉट ताईंच्या जिवावर चालतो. पहाटे शेडनेटमध्ये शिरतात त्या ऊन डोक्यावर आल्यावरच बाहेर येतात. ह्या प्लॉटला उन्हाळाभर पाणी हवं म्हणून तळं खोदायचं ठरलं. ताईंचं एकच चुकलं. खोदाईच्या चार दिवसांत त्या क्रॉसिंगमध्ये गुंतल्या आणि पोकलेनवर देखरेख करायला साडभाऊंना ठेवलं.

पोकलेनला हार घातला, नारळ फुटला, आणि साडभाऊंनी भिंतीवरचा नकाशा उतरवून आणून बांधावर अंथरला. पोकलेनवाला चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला, अर्ध्या तालुक्याची तळी खोदलेला माणूस. त्याला चौकोन पाठ. साडभाऊ त्याला म्हणाले, "चारी बाजूनं उथळ भूखंडमंच ठेव. मंग एकदम उतार. मधातून ही रांग, वाकडी पाह्यजे. इकडं गायोट. आन् ह्या कोपऱ्यात गर्ता, जितकी खोल जाईन तितकी जाऊ दे." पोकलेनवाल्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, नकाशा पाहिला, साडभाऊंना पाहिलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "काका, ह्याच्यात पानीच भरायचं हाय ना?" खाली घट्ट पिवळी माती लागली, प्लास्टिकच्या कागदाचीही गरज पडली नाही, आणि चौथ्या दिवशी ताई बांधावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा देऊळगाव राजात महासागराचा तळ तयार होता. त्यांनी चारी बाजूंनी फेरी मारून सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "जिथं पानी पाह्यजे, तिथं डोंगर ठेवले तुम्ही."

आणि ते अगदी खरं होतं. शेजारच्या शेतकऱ्याचंही तेवढ्याच आकाराचं तळं होतं, चौकोनी, सरळ, साधं. साडभाऊ त्याला 'टाकी' म्हणायचे आणि त्या शेतकऱ्याला 'टाकीवाले'. टाकीत पाणी पुष्कळ मावायचं, अटलांटिकमध्ये कमी. पण साडभाऊंना त्याचं काय! उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं की साऱ्या गावाचे चेहरे उतरायचे आणि ह्यांचा फुलायचा. "भाऊ, या! रांग उघडी पडून राह्यली! आज खाच दिसली!" असे मला फोन. एकदा मी गेलो तर त्या रांगेला लागून शेजाऱ्याची म्हैस नाकापर्यंत बुडून डोळे मिटून बसलेली. साडभाऊंनी तिला उठवलं नाही. "ज्वालामुखी बेट हाय असं समजा," म्हणाले. म्हशीने फुस्स करून नाकातून पाणी उडवलं, तेव्हा तर त्यांनी टाळीच वाजवली.

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र शेवटच्या आठवड्यात पाणी संपलं आणि काकडीच्या दोन ओळी बी भरायच्या आत वाळल्या. एकेका फुलाला ताईंनी हात लावलेला. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये मी गेलो होतो, चहाचे कप ठेवताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही साक्षीदार. ह्या साली प्लॉट निघेपर्यंत तळ्यातलं पानी पुरलं, तं ह्याहीचे डोंगर राह्यले. नाही पुरलं, तं मी पोकलेन बोलावते आन् तळं चौकोनी करते. मंग मले कोनी अटलांटिक सांगू नका." साडभाऊ कपात बघत म्हणाले, "पुरन."

त्या उन्हाळ्यात मी जे पाहिलं ते सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही. आयुष्यभर पाण्याला शिव्या घालणारा हा माणूस पाण्याचा राखणदार झाला. जुनी फाटकी शेडनेटची जाळी तळ्यावर ताणून बांधली, उन्हाने पाणी उडू नये म्हणून. म्हशीला मज्जाव झाला. कावळा पाणी प्यायला उतरला तर हे गोफण घेऊन धावायचे, आणि कावळा किती पाणी पितो ह्याचा वाद माझ्याशी फोनवर घालायचे. स्वतः एका तांब्यात आंघोळ. ताई म्हणाल्या, "आंघोळ करतेत का नैवेद्य दाखवतेत, कळत नाही." मे महिन्यात एके दिवशी फोन आला, आवाज पार बसलेला. "भाऊ, रांग दिसाले लागली." मी सवयीने म्हणालो, "अरे वा! अभिनंदन!" साडभाऊ म्हणाले, "कायचं अभिनंदन करता? समजून घ्या ना जरा." माझी मलाच लाज वाटली.

नऊ दिवस कमी पडले. फक्त नऊ. गर्तेतलं शेवटचं गढूळ पाणीही संपलं, आणि शेडनेटमध्ये काकड्या पिवळ्या व्हायला लागलेल्या, आत बी भरत आलेलं. त्या सकाळी साडभाऊंनी टोपी घातली आणि स्वतःच्या पायांनी टाकीवाल्यांच्या बांधावर गेले. चार वर्षं ज्याच्या तळ्याला नावं ठेवली, त्याच्याकडे. "काऊन, समुद्र आटला का?" तो म्हणाला. साडभाऊ म्हणाले, "हाव. आटला. नऊ दिवस पानी पाह्यजे." टाकीवाला भला माणूस, त्याने त्याच दुपारी पाइप जोडून दिला. प्लॉट निघाला, पूर्ण निघाला, एक वेल वाळला नाही. आणि बी सुकवायला पडलं त्याच दिवशी साडभाऊंचा मला फोन. "परवा या. पोकलेन सांगतला म्या." मी विचारलं, ताईंनी सांगायला लावला का? "नाही. थे काहीच बोलली नाही. पन शब्द हरलो ना म्या. हरला थ्यानंच मोडावं. साक्षीदार म्हनून तुम्ही पाह्यजे."

मी पहिल्या गाडीने गेलो. तळं कोरडं ठाक पडलेलं, आणि साडभाऊ तळाशी अनवाणी उभे. मला म्हणाले, "या खाली, एकदा फिरून घेऊ." खरं सांगतो, इतकी वर्षं मी ह्या सगळ्याची टवाळी केली, पण त्या तळाशी उतरलो आणि मीही चपला काढल्या. मैदानावरची माती तडकून तिच्या खपल्या झालेल्या, मधून ती वाकडी रांग खांद्याएवढी उभी, तिच्या माथ्यावरची खाच अजून जशीच्या तशी. पिवळट काठ चहूकडून आमच्या डोक्यावर आलेला. साडभाऊ पुढे, मी मागे. गर्तेपाशी थांबले. आत एक बेडूक होता. "हिमालयातला सगळ्यात उंच डोंगर आनून ह्या गर्तेत उभा ठेवला, तरी त्याच्या डोक्यावर पानी राहीन," ते म्हणाले. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलेलं आहे. त्या दिवशी मी "हो का?" म्हणालो आणि मनापासून म्हणालो.

पोकलेन आला. तोच पोटवाला माणूस. बांधावरून ओरडला, "काका, हे ढिगारे आधी काढू का?" साडभाऊंनी नुसता हात वर केला, तोही अर्धाच, आणि कडुनिंबाकडे तोंड करून उभे राहिले. माझ्याने तर बघवेना. पोकलेनने घरघर करत हात उचलला, तेवढ्यात शेडनेटच्या दारातून ताई आल्या. पदर खोचलेला, हाताला बियांचा चिकट गर. सरळ मशीनसमोर येऊन उभ्या.

"ढिगारा कोनाले म्हनता हो?" त्या म्हणाल्या. "जलमग्न पर्वतरांग हाय थे. तिले हात लावायचा नाही."

पोकलेनवाल्याने मशीन बंद केलं. ताई तरातरा उतरून तळ्यात आल्या. "हा चारी बाजूचा भूखंडमंच, हा काढा. रुंद लय झाला, उगीच जागा खाते. खंडान्त उतार पार कडेपासून सरळ खाली घ्या. हे मैदान हातभर खोल करा, पन मधातल्या रांगेपासून दूर राहून." मग गेल्या आणि गायोटवर चढून उभ्या राहिल्या. "हा राहू द्या. डोकं सपाटच पाह्यजे त्याचं. आन् त्या कोपऱ्यातली गर्ता, थे अजून खोल करा. जितकी जाईन तितकी." पोकलेनवाला म्हणाला, "मावशी, एकदा पुन्हा सांगा, कोनतं काय." ताईंनी एकेका ठिकाणी जाऊन, पाय आपटून आपटून, पुन्हा सगळं सांगितलं. एक नाव चुकलं नाही, एक जागा चुकली नाही. मी त्यांना म्हणालो, "ताई, तुम्ही कधी शिकलात हे?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सव्वीस वर्षं ऐकून राह्यली भाऊजी. कान काय शेडनेटमधी ठेवून येते मी? अटलांटिक सांगू नका म्हटलं, तं पानी आटलं तवापासून ह्याहीनं बंदच केलं सांगनं. घरात नुसतं घड्याळाचं ऐका. त्याच्यापेक्षा हे बरं." एवढं बोलून त्या हात धुवायला निघून गेल्या.

पोकलेन कामाला लागला. आम्ही दोघं बांधावर बसलो. साडभाऊ खाली बघतच म्हणाले, "भाऊ, समुद्राचा तळ डोळ्यानं दिसत नाही, मंग खोली कशी मोजतेत, माहीत हाय का?" मी नाही म्हणालो. "जहाजातून आवाज सोडतेत खाली. थो तळाले लागते आन् परत येते. नुसती वाट पाहायची. जितकं खोल, तितका उशीर लागते." त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "आपन म्हनतो, आवाज वाया गेला. पन थो खाली जाऊनच राह्यला असते, भाऊ."

मला हसू यायला लागलं होतं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले होते. तेवढ्यात घरातून ताईंची हाक आली, चहा निवून राह्यला म्हणून. ही पहिलीच हाक; एरवी तिसऱ्या-चौथ्या हाकेशिवाय ते हलत नाहीत. आणि साडभाऊ पोकलेन, तळं, मी, सगळं तिथेच सोडून उठले आणि गेले.